सत्तेचाळीसवर एक रेघ

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, पण ते तिथेच राहिलं. घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. वय वर्षं दहा. ती एका जागी पाच मिनिटं बसली, तर आजी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहायची.

भिंगरीची आई व्हॉलीबॉलची पंच होती. जाळ्याच्या टोकाशी उंच स्टँड असतो ना, त्यावर उभी राहून शिट्टी वाजवणारी पहिली पंच. तिच्या एका शिट्टीवर ताडमाड बारा खेळाडू जागच्या जागी थांबत. घरी मात्र तिच्या तीन हाका झाल्याशिवाय भिंगरी जेवायला येत नसे.

तीन आठवड्यांपूर्वी आई एका मोठ्या स्पर्धेसाठी परदेशी गेली होती. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"उद्या फायनल आहे. आणि स्टँडवर कोण असणार, सांग बघू?"

"तू?"

"मी!"

भिंगरीने अशी किंकाळी फोडली, की आजीच्या हातातला चमचा ताटात पडला.

"आई, मला टीव्हीतून हात करशील?"

"वेडी का तू? पंचाने हात केला की कुणालातरी पॉइंट मिळतो. दंगल होईल तिथे!" आई हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण ऐक. पहिली शिट्टी वाजवायच्या आधी मी डावा कान पकडेन. लोकांना वाटेल, हिचा कान खाजला. ते कशासाठी, हे फक्त तुला माहीत असेल. मात्र बघायचंस तू. नाहीतर मी उगाच कान पकडून उभी!"

"बघणार म्हणजे बघणारच!" भिंगरी म्हणाली. शब्द देऊन मोकळी झाली, आणि घोडं तिथेच अडलं.

घरच्या टीव्हीवर तो सामना नव्हता. मोबाइलवर शोधला, तर 'आपल्या भागात उपलब्ध नाही' अशी पाटी आली. आत्या मात्र हरणारी नव्हती. बाबांची ही धाकटी बहीण कॉम्प्युटर दुरुस्त करायची, आणि बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्याखाली जी काळी पेटी होती, ती तिनेच एकेक भाग जमवून जोडली होती. सिनेमे, गाणी, घरचे फोटो सगळं त्या पेटीत. अर्धा तास शोधाशोध करून आत्याने टेबलावर थाप मारली.

"सापडला! एका उपग्रहावरून खुल्या वाहिनीवर दाखवणार आहेत. दुकानात एक जुनी डिश पडलीय, आणि पेटीत बसणारं, डिशकडून आलेल्या लहरींचं चित्र करणारं ट्यूनर कार्डही आहे. सामना उद्या दुपारी तीनला. सकाळी नऊला सुरुवात केली तरी सहा तास मिळतात."

"डिश कुठे रोखायची, ते मी बघतो," कोपऱ्यातून आजोबा म्हणाले.

इथे आजोबांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. आजोबा जमिनीचे मोजणीदार. चाळीस वर्षं त्यांनी शेतं, रस्ते आणि टेकड्या मोजल्या. निवृत्त झाले, पण हात स्वस्थ बसेनात. घरातला एक खिळासुद्धा ते मोजल्याशिवाय ठोकत नसत. प्रत्येक माप त्यांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत जाई, तारीख आणि सहीसकट. त्या वहीचा एक कडक नियम होता. त्यात रबर चालत नसे. आकडा चुकला, तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि बरोबर आकडा वर लिहायचा.

"चूक पुसली की ती लपते," आजोबा भिंगरीला सांगत. "रेघ मारली की ती शिकवते."

गंमत एवढीच, की भिंगरीने जन्मल्यापासून त्या वहीत एकही रेघ पाहिली नव्हती. आजोबांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यावर शंका घेण्याची या घरात पद्धतच नव्हती.

शनिवारी सकाळी आत्या डिश घेऊन आली. पोरगी मावेल एवढी मोठी, राखाडी, आणि वर्षानुवर्षं माळ्यावर राहून धुळीने माखलेली. तिच्या खालच्या कडेतून एक दांडा पुढे आला होता. दांड्याच्या टोकाला पांढऱ्या टोपणाची डबी होती, डिशकडे तोंड करून बसलेली.

"हिला एलएनबी म्हणतात," आत्या म्हणाली. "आकाशातून आलेलं सगळं डिशवर आपटतं आणि इथे गोळा होतं. इथून केबलने खाली, आपल्या पेटीत."

"म्हणजे चोच," भिंगरी म्हणाली. "डिश दाणे गोळा करते आणि चोच खाते."

"चोच तर चोच," आत्याने मान्य केलं.

गच्चीवर लोखंडी खांब होताच. आजोबांनी होकायंत्र काढलं, लोखंडापासून चांगलं दहा पावलं लांब जाऊन धरलं. आत्याच्या फोनवर उपग्रहाची जागा होती. दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधोमध, क्षितिजापासून सत्तेचाळीस अंश वर. आजोबांनी खडूने गच्चीवर दिशेची रेघ आखली. मग त्यांनी आपलं पितळी कोनमापक आणलं. त्यातला पाण्याचा बुडबुडा मधोमध आला की माप खरं. डिशच्या तोंडावर सरळ पट्टी वरून खाली टेकवून, पट्टीला कोनमापक लावून, एक डोळा मिटून, त्यांनी डिश हळूहळू वर कलवली.

"सत्तेचाळीस. ना केसभर जास्त, ना केसभर कमी." आणि वहीत लिहिलं : डिशचा कोन ४७. खाली तारीख, सही.

साडेदहा वाजले होते. सगळे आनंदात खाली आले. आत्याने पडद्यावर दोन पट्ट्या उघडल्या. एकीवर लिहिलं होतं 'ताकद', दुसरीवर 'दर्जा'. ताकदीची पट्टी अर्ध्याच्या वर गेली.

"आलं!" भिंगरी उडाली.

"थांब. दर्जा बघ."

दर्जा होता शून्य.

"असं कसं? ताकद आहे की!"

"तुमच्या वर्गात बाई यायच्या आधी किती गोंगाट असतो?"

"खूप!"

"ती झाली ताकद. आता त्या गोंगाटात बाईंनी घेतलेली हजेरी नीट ऐकू आली, तर तो दर्जा. आपल्या पेटीला सध्या नुसता गोंगाट ऐकू येतोय. हजेरी घेणाऱ्या बाई सापडल्या नाहीत."

मग शोध सुरू झाला. आणि बघा हं, शोध सगळीकडे झाला. आत्याने केबलची दोन्ही टोकं कापून नवी बसवली. शून्य. पेटी उघडून ट्यूनर कार्ड काढलं, फुंकर मारली, दुसऱ्या खाचेत बसवलं. शून्य. उपग्रहाचे आकडे तीनदा तपासून पाहिले. शून्य, शून्य, शून्य. आजोबांनी गच्चीवर डिश डावीउजवीकडे तसूतसूने फिरवून पाहिली, पुन्हा खडूच्या रेघेवर आणली. तरीही शून्य.

कोनाकडे मात्र कुणी पाहिलं नाही. कोन आजोबांनी मोजला होता ना!

या सगळ्यात खालीवर निरोप कोण देत होतं? आजी. आत्या म्हणाली होती, "फोन चालू ठेवू या स्पीकरवर." पण आजीने तो बेत हाणून पाडला.

"फोन कशाला? मी मेले का?"

आजी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. खच्चून भरलेल्या बसमध्ये तिचा आवाज पुढच्या दारापासून शेवटच्या सीटपर्यंत जाई. तिथे एक जिना तो काय! जिन्याच्या मधल्या वळणावर ती हातात पळी घेऊन उभी राहिली आणि कठड्यावर ठणकावू लागली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चालू द्या.

"काय हो मोजणीदार, तुमचा उपग्रह आज सुट्टीवर आहे का?" ती वर ओरडे.

"तो छत्तीस हजार किलोमीटरवर आहे. जरा वेळ लागणारच!" वरून उत्तर येई.

"एवढ्या वेळात माझी बस तिथे जाऊन परत आली असती!"

एक वाजला. आत्याच्या केसांत केबलचे तुकडे अडकले होते. भिंगरीला हसू येईनासं झालं. दोन तासांनी आई स्टँडवर चढणार, डावा कान पकडणार, आणि इकडे ती शून्याकडे बघत बसणार. ती सारखी वरखाली धावत होती आणि सगळ्यांच्या पायात येत होती.

शेवटी आजी वर आली. डिशकडे बघून तिने नाक मुरडलं.

"एवढं घाण भांडं कुणी आकाशाला दाखवतं का? ए भिंगरे, बादली आण. पूस ते. हातांना तेवढंच काम."

"धुळीने काही बिघडत नाही अगं," आजोबा म्हणाले.

"माझं बिघडतं."

कंडक्टरपुढे मोजणीदाराचं काय चालणार? भिंगरीने ओला फडका घेतला आणि डिश पुसायला लागली. काळं पाणी ओघळलं. पुन्हा फडका भिजवला, पुन्हा पुसली. राखाडी रंग उजळला आणि ओल्या पत्र्यावर ऊन चमकायला लागलं.

भिंगरी फडका पिळायला वळली आणि तिथेच थबकली.

चोचीच्या पांढऱ्या टोपणावर उजेड पडला होता. टोपणाएवढाच गोल, झगझगीत. आजूबाजूला काही नाही, दांड्यावर नाही, नेमका टोपणावर.

ती मान वाकडी करून बघत राहिली. आजोबांनी तिला आरसा घेऊन किती वेळा खेळवलं होतं! कवडसा भिंतीवर टाकायचा, मग आजोबा विचारायचे, "सांग, आरसा कुणाकडे बघतोय?" ऊन जिथून येतं आणि जिथे जाऊन पडतं, त्यावरून सांगायचं. आता डिशवर पडलेलं सगळं ऊन गोळा होऊन चोचीत चाललं होतं. म्हणजे डिश बघत होती सूर्याकडे. अगदी नजरेला नजर!

पण सूर्य तर जवळजवळ डोक्यावर होता. आणि डिशचं तोंड? ते होतं खाली, सत्तेचाळीसवर. आजोबांनी स्वतः मोजलेलं.

आजोबांच्या मापाबद्दल बोलायचं? या घरात? तिने पुन्हा टोपणाकडे पाहिलं. उजेडाचा गोल किंचित कडेला सरकला होता. सूर्य काही कुणासाठी थांबत नाही.

"आजोबा!" ती ओरडलीच. "लवकर या! डिश भलतीकडे बघतेय!"

"भलतीकडे म्हणजे?"

"तिचं तोंड इकडे आहे, पण ती बघतेय तिकडे, वर! सूर्याकडे! हे बघा, सगळं ऊन चोचीत जातंय. सरकतंय, लवकर!"

आजोबा आले. "डिशकडे आणि सूर्याकडे टक लावायची नाही हं, नुसतं टोपणावर बघ," एवढं आधी सांगून त्यांनी चष्मा पुसला. टोपणावरचा उजेड पाहिला. कोनमापक पुन्हा लावलं. सत्तेचाळीस. भिंगरीला वाटलं, आता ते ओरडणार.

"परत सांग," ते म्हणाले. "काय म्हणालीस ते, शब्दन् शब्द."

"तोंड एकीकडे... आणि बघतेय दुसरीकडे."

आजोबांनी स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली, की कठड्यावरचं कबूतर उडालं.

"अगं, हे अर्धवट भांडं आहे! पूर्ण वाडग्याची चोच मधोमध असती. हिची बघ, खालच्या कडेला. म्हणजे ही मोठ्या वाडग्याच्या बाजूचा कापलेला तुकडा आहे. तिचं तोंड समोर दिसतं, पण नजर वर असते. मी तोंड मोजलं. नजर मोजायलाच विसरलो! चाळीस वर्षं जमीन मोजली ना, जमिनीचं तोंड आणि नजर एकच असते." आणि हातातलं कोनमापक नाचवत म्हणाले, "पण किती वर? किती? भिंगरे, झाडू आण!"

"झाडू?"

"झाडूचा दांडा! टेप आण! खडू आण! पळ, उजेड जायच्या आत!"

भिंगरी अशी सुटली, की जिन्यात आजीने दोन टोले आपोआप दिले.

झाडूचा दांडा आजोबांनी ओळंबा लावून सरळ उभा धरला. भिंगरीने टेपने मोजलं. दांडा शंभर सेंटिमीटर, सावली छत्तीस.

"आता अर्ध्या मापात काढ. पन्नास उभी, अठरा आडवी. दोन्हींची टोकं जोड."

भिंगरी गच्चीवर पालथी पडून खडूने त्रिकोण काढू लागली. फरशी तापलेली होती, कोपरं भाजत होती, पण रेघ सरळ आली. आजोबांनी शाळेचं कोनमापक तिच्याच हातात दिलं.

"सावलीच्या टोकाशी लाव. वाच. मोठ्याने."

"सत्तर!"

"म्हणजे सूर्य सत्तर अंशांवर. डिशची नजर सूर्यावर, म्हणजे तीही सत्तरवर. तोंड आहे सत्तेचाळीसवर. वजा कर!"

"तेवीस! आजोबा, ती तोंडापेक्षा तेवीस अंश वर बघते!"

"मग आपल्याला तिची नजर सत्तेचाळीसवर हवी असेल तर?"

भिंगरीने ओठ चावला. बोटं हलली. "तोंड... चोवीसवर!"

"शाब्बास!" आजोबा एवढ्या जोरात म्हणाले, की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली.

दोन वाजून पाच मिनिटं. आजोबांनी बोल्ट सैल केले आणि डिश खाली वाकवली. चोवीसवर ती जवळजवळ उभीच दिसायला लागली.

आजी वर डोकावली. "अगंबाई, ही तर शेजाऱ्यांच्या भिंतीकडे बघतेय! भिंतीवर कसला उपग्रह?"

"तिच्या तोंडावर जाऊ नको," भिंगरी म्हणाली. "तिची नजर बघ."

"बरं बाई. पुढे चला!" म्हणत आजी आपल्या वळणावर गेली आणि दोन टोले पडले.

खालून आत्या आकडे सांगत होती, आजी ते वर पोचवत होती, आजोबा बोटाच्या पेराएवढी डिश हलवत होते आणि भिंगरी खडूच्या रेघेवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होती.

"शून्य!" आजीचा आवाज आला. "शून्य! ... शून्य! ... अहो, किंचित डावीकडे, असं म्हणतेय पोरगी! ... शून्य! ... बारा!"

"काय?"

"बारा! बारा! एकतीस! चढतंय! पंचेचाळीस! अहो, अठ्ठावन्न! बासष्ट! ... उतरलं, चाळीस! मागे घ्या, मागे घ्या गाडी! बासष्ट! एकाहत्तर!"

आणि ठण्ण! एक टोला. सगळी गच्ची स्तब्ध.

खालून आत्याची आरोळी आजीच्या मदतीशिवायच वर पोचली. "बाई सापडल्या! हजेरी चालू आहे! हलवू नका!"

भिंगरीने उडी मारली आणि नेमकी इथेच माशी शिंकली. आजोबा एका हाताने डिश धरून दुसऱ्या हाताने नट फिरवत होते. बोटं घामाने ओली. नट सुटला, टणटण उडत गेला, आणि पाणी जायच्या भोकात दिसेनासा झाला.

दोघांनी भोकाकडे पाहिलं. खूप खालून 'टप' असा आवाज आला.

"दुसरा आहे?" आजोबांनी विचारलं.

भिंगरी धावत खाली गेली. आत्याने डबे पालथे घातले. लहान नट होते, मोठे होते, त्या मापाचा एकही नाही. "मला दुकानात जावं लागेल," ती म्हणाली. "जाऊन येऊन अर्धा तास. पण मी गेले तर इथे वाहिन्या कोण शोधणार? अजून शोध पुरा व्हायचाय. पावणेतीन झालेत!"

भिंगरीने वर येऊन निरोप दिला. आजोबांनी पाय फाकवून पक्के रोवले आणि दोन्ही हातांनी डिशच्या कडा धरल्या.

"ठीक आहे. मी नट होतो."

"पण आजोबा, मग तुम्हाला सामना दिसणार नाही!"

"मला तू सांग. डोळे तुझे, हात माझे. आता इथे उभी राहू नको. पळ!"

खाली पडद्यावर नावं सरसर उतरत होती. बातम्या, गाणी, स्वयंपाक, अगम्य लिपीतली कसली कसली नावं. शोध साठ टक्के, सत्तर टक्के. घड्याळात दोन छप्पन्न. भिंगरी एका पायावर उभी होती, मग दुसऱ्या पायावर.

"ती! आत्या, ती बघ, खेळाची!"

आत्याने बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग एकदम अख्खी खोली उजळली. निळं मैदान, पांढरं जाळं, हजारो माणसं. मोठ्या पडद्यावर इतकं स्वच्छ, की खेळाडूंच्या बुटांच्या नाड्या मोजाव्यात.

"चित्र आलं!" आजीने जिन्यातूनच पुकारा केला. वरून आजोबांचा आनंदाचा हुंकार ऐकू आला.

कॅमेरा जाळ्यावरून सरकत सरकत उंच स्टँडवर गेला. तिथे ती होती. पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले, गळ्यात शिट्टी. घरच्यापेक्षा ताठ, पण कपाळावर तीच बट, जी कधीच पिनेत राहत नाही.

"आई," भिंगरी म्हणाली.

"वहिनी किती रुबाबदार दिसतेय!" आत्या म्हणाली.

खेळाडू जागेवर गेले. चेंडू एकीच्या हातात आला. आईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि शिट्टी ओठांशी नेली.

त्याच क्षणी चित्राचे तुकडे झाले. आईचा चेहरा चौकोनाचौकोनांत विस्कटला. दर्जा एकाहत्तरवरून वीसवर.

"आजोबा!" भिंगरी किंचाळली.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण! आजीने टोल्यांचे सगळे नियम मोडले. "अहो, हात हलला का तुमचा? बस घसरतेय! तसूभर वर घ्या! आणखी! आणखी... राहू द्या!"

चौकोन विरघळले. आई पुन्हा आई झाली. शिट्टी ओठांशी होती, पण अजून वाजली नव्हती. आई थांबली होती. सगळं मैदान तिच्यासाठी थांबलं होतं. मग तिने डावा हात वर नेला, कानाची पाळी चिमटीत धरली, आणि सोडली.

शिट्टी वाजली.

भिंगरीला टाळी वाजवायची होती, ओरडायचं होतं, रडायचंही होतं बहुतेक. तिने यातलं काहीच केलं नाही. ती जिन्याकडे पळाली. आजीला वळसा घालून, दोन दोन पायऱ्या गाळत ती गच्चीवर पोचली.

आजोबा तसेच उभे होते. शर्ट पाठीला चिकटलेला, हात डिशच्या कडांवर, आणि तोंडभर हसू.

"पकडला! आजोबा, आईने कान पकडला! मला दिसला!"

"कुठला?"

"डावा!"

"किती वेळ?"

भिंगरीने विचार केला. मोजणीदाराची नात होती ती. "एक... दीड सेकंद!"

"नोंद घेतली पाहिजे," आजोबा म्हणाले. "मघाशी शिंक आली गं मला. दाबली, पण हात हलला. एवढ्यासाठी तुझा कान हुकला असता, तर मी उपग्रहाला तोंड दाखवलं नसतं."

"तोंड नाही, नजर," भिंगरी म्हणाली, आणि दोघं इतके हसले, की खालून आजी ओरडली, "हसू नका हो, चित्र हलतंय!"

हसू आवरल्यावर आजोबांनी हनुवटीने कठड्याकडे खूण केली. तिथे निळी वही होती, पेन्सिल आत खोचलेली. "माझे हात गुंतलेत. उघड ती. आजचं पान."

भिंगरीने पान काढलं. डिशचा कोन ४७.

"रेघ मार."

"मी?"

"बरोबर माप कुणी काढलं? एकच रेघ, आडवी. खालचा आकडा दिसला पाहिजे. मग वर लिही, चोवीस."

भिंगरीने श्वास रोखला. पेन्सिल टेकवली. जन्मात पहिल्यांदा त्या वहीत एक रेघ उमटली, आणि तिच्याखाली सत्तेचाळीस स्वच्छ दिसत राहिले. वर तिने लिहिलं, २४.

"आता सही."

"माझी?"

"मग काय डिशची?"

तिने सही केली. शाळेतलं खरं नाव लिहायला घेतलं, थांबली, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : भिंगरी.

खालून दोन टोले पडले. "ए भिंगरे! सहा-चार! तुझ्या आईने आत्ता एकीला पिवळं कार्ड दाखवलं!"

"का? काय केलं तिने?" आजोबांनी विचारलं. पण पेन्सिल अजून गच्चीवर घरंगळत होती, आणि भिंगरी जिन्याच्या वळणावर पोचलीसुद्धा होती. "बघून सांगते, आजोबा! हलू नका!"